फाटक बंद असतानाची पाच मिनिटं

दुपारी साडेतीनची वेळ. फाटकाचा दांडा नुकताच खाली आलाय. एक गृहस्थ स्कूटरवरून उतरतात, हेल्मेट काढून हँडलला अडकवतात. मागे बसलेल्या वहिनी भाजीची पिशवी सावरत दांड्याखालून केव्हाच आत गेलेल्या असतात. गृहस्थ स्कूटर एका अंगाला कलती करतात, आरसा दांड्याला खर्रकन घासतो, मागच्या चाकाला जरा रेटा द्यावा लागतो, आणि एकदाची स्कूटर आत येते. मग दोन रुळांच्या मधोमध उभे राहून ते हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवतात. पट्टासुद्धा लावतात.

हे चाललेलं असताना आपण कुठे असतो? दहा पावलांवर, मोबाइल आडवा धरून, गाडीची वाट बघत. येणाऱ्या गाडीला किती डबे, इंजिन कुठल्या शेडचं (म्हणजे त्याची देखभाल कुठे होते), सेक्शनचा, म्हणजे मार्गाच्या त्या टप्प्याचा, वेग किती, हे सगळं आपल्याला तोंडपाठ. त्या दोघांना मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. आणि आपण गप्प. लोक दांड्याखालून वाकतात याचं मला आता फारसं नवल वाटत नाही. आपण गप्प राहतो, ते मात्र खटकतं. गाड्यांचा नाद नुकताच लागलेल्या आणि या नादाचा काही उपयोग व्हावा असं वाटणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. पुणे–मिरज मार्गाच्या आसपास वाढलो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. तुमच्या सेक्शनला ती बसवून घ्या.

या कामाला संघटना, फंड, टी-शर्ट असलं काही लागत नाही. अमेरिकेत ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ ही मोहीम १९७२ साली आयडाहो राज्यात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. शाळाशाळांतून आणि ड्रायव्हरांपुढे जाऊन बोलणारे स्वयंसेवक हाच तिचा कणा. आपल्याकडे एक फाटक, एक वही आणि आठवड्याचे दोन तास एवढ्यावर श्रीगणेशा होतो.

पहिली पायरी: आधी आपले पाय रुळांपासून लांब

हे कडू आहे, पण इथूनच सुरुवात. स्वतः खडीवर उभं राहून व्हिडिओ काढणारा माणूस फाटकावर कुणाला काय सांगणार? रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातून रेलफॅनला, म्हणजे आपल्यासारख्या गाड्यांच्या वेड्याला, सूट नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर आणि डब्याची रुंदी साधारण सव्वातीन मीटर. म्हणजे डबा प्रत्येक बाजूला रुळाच्या बाहेर पाऊण मीटरहून जास्त येतो. रुळापासून एका पावलावर उभा असलेला माणूस रुळाच्या बाहेर असतो, पण गाडीच्या वाटेतच असतो. त्यात मालगाडीची सुटलेली ताडपत्री किंवा दारात लटकलेल्या प्रवाशाचा पाय धरलेला नाही.

गाडी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. आपल्या लोकांत एक फुशारकी ऐकू येते, ‘पायलटने खास आपल्यासाठी लांब हॉर्न मारला!’ अरे बाबा, तो सलाम नव्हता. तू त्याला फार जवळ दिसलास आणि त्याच्या पोटात गोळा आला, म्हणून त्याने हॉर्न दाबून धरला.

जागा कुठल्या घ्यायच्या? पादचारी पूल, रस्त्यावरचा उड्डाणपूल, प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या आत (टोकाच्या उतारावर जायचं नाही), आणि फाटकावर दांड्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि शॉक बसायला तारेला हात लागावा लागत नाही, जवळ जाणं पुरतं. त्यामुळे पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही, उभ्या वॅगनवर चढायचं नाही. लाल शर्ट, लाल छत्रीही घरी ठेवा. रुळाजवळ लाल कपडा दिसला की पायलटचा हात ब्रेककडे जातो.

आपल्याच जुन्या व्हिडिओंवरून एकदा नजर फिरवा. रुळाला खेटून घेतलेले असतील तर काढून टाका. मी काढले. त्यातला एक माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला होता. दोन दिवस वाईट वाटलं.

दुसरी पायरी: आपलं फाटक नीट ओळखा

एकच फाटक निवडा, घराजवळचं. चार-पाच वेगवेगळ्या वेळी तिथे जा आणि नुसतं बघा.

पहिल्यांदा त्याचा क्रमांक टिपा. गेटमनच्या खोलीवर किंवा फाटकाशी तो रंगवलेला असतो. सरकारी भाषेत फाटकाला ‘समपार’ म्हणतात, तोही शब्द लक्षात ठेवा, अर्ज लिहिताना लागेल. जवळच्या विजेच्या खांबावरची पाटीही वाचा. तिच्यावरचा एक आकडा किलोमीटर सांगतो, दुसरा त्या किलोमीटरमधला खांब. आणीबाणीत ‘गावाजवळच्या फाटकावर’ असं सांगण्यापेक्षा हे दोन आकडे सांगितले की मदत सरळ जागेवर येते.

मग बघा शिट्टीची पाटी. फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी, फाटक. तिथून फाटक ओलांडेपर्यंत पायलटने हॉर्न द्यायचा असतो. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण ३० मीटर कापते. म्हणजे हॉर्न सुरू झाल्यापासून गाडी फाटकावर यायला अवघी २० सेकंदं.

आता शेजारी उसाची डबल ट्रॉली उभी करून बघा, मनातल्या मनात. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि पार करायची दुहेरी लाईन धरली तर शेवटचं चाक पलीकडे जाईपर्यंत ३० मीटर तरी सरकायला हवं. भरलेला ट्रॅक्टर रुळांच्या खडबडीतून ताशी पाच किलोमीटरने जातो. लागली साडेएकवीस सेकंदं. हॉर्न ऐकून निघालेला, किंवा ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावल्याने हॉर्नच न ऐकलेला ड्रायव्हर कुठे सापडतो ते यात आलं. हा हिशेब मी सातारा-सांगलीकडच्या ड्रायव्हर मंडळींपुढे मांडतो तेव्हा दुसरं काही सांगावं लागत नाही. मोजणीला ते आपल्यापेक्षा पक्के असतात.

फाटक इंटरलॉक आहे की नाही, हेही समजून घ्या. इंटरलॉक फाटकाची सिग्नलशी सांगड असते. दांडा पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. तिथे चुकून फाटक उघडं राहिलं तर गाडी सिग्नलला थांबते. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर सगळी भिस्त स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्या फोनवरच्या बोलण्यावर. मास्तर गाडीची खबर देतो, गेटमन फाटक लावतो, आणि त्याची खूण म्हणून दोघांत खाजगी नंबराची, म्हणजे फोनवर सांगून लिहून ठेवायच्या गुप्त आकड्याची, देवाणघेवाण होते. यात माणूस चुकला तर फाटक उघडं आणि गाडी दारात. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीने धडक दिली आणि तीन मुलं गेली. ते फाटक गेटमन असलेलं होतं, पण इंटरलॉक नव्हतं. म्हणून उघड्या फाटकावरही वेग कमी करून दोन्हीकडे बघायचं, हे लोकांना सांगताना आपण स्वतः ते करतोय ना, एवढं तपासा.

तिसरी पायरी: गेटमनशी ओळख, पण बेताने

गेटमनदादांना नमस्कार करा, आपण कोण ते सांगा आणि बाजूला व्हा. ड्युटीवर त्यांच्याशी गप्पा मारत बसायचं नाही. चहा घेऊन खोलीत शिरायचं नाही, दांडा फिरवायला ‘मी करू का’ असं गमतीतही विचारायचं नाही. फोन वाजतो, नंबर लिहून घ्यायचा असतो, त्याच मिनिटाला आपण डब्ल्यूएपी-७ इंजिनाबद्दल प्रश्न विचारत असलो तर धोका आपणच तयार केला.

त्यांच्या कामाचं एक चित्र मात्र डोळ्यांपुढे असू द्या. रुळात वाहन अडकलं तर गेटमनला लाल झेंडी किंवा लाल बत्ती दाखवत येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जाऊन रुळावर फटाके लावायचे असतात, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन. गाडीचं चाक वरून गेलं की ते फुटतात आणि पायलटला कळतं. भर उन्हात, खडीतून, सव्वा किलोमीटर. ‘गेटमन आळशी आहे, उगाच अडवून ठेवतो’ असं म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

त्यांचा फोटो, नाव, चूक यांतलं काहीही पुढे पाठवायचं नाही. चूक दिसली तर स्टेशन मास्तरला सांगा किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा. व्हिडिओ फिरवून एका माणसाची नोकरी जाते, फाटक आहे तसंच राहतं.

चौथी पायरी: बोलायचं काय

फाटक बंद झालं की लोक तीन ते दहा मिनिटं एका जागी अडकतात. हातात काम नाही, जिवाची उलघाल चाललेली. एवढे श्रोते सभागृह घेऊनही मिळणार नाहीत. भाषण केलं तर मात्र तेही माना फिरवतील. मी कधी ‘असं करू नका’ने सुरुवात करत नाही.

परवाचंच. पहिली गाडी गेली, दांडा वर जायचं नाव घेईना. एक काका सायकल घेऊन वाकले.

“काका, जरा थांबा. ही अपची गेली. फाटक उघडलं नाही म्हणजे दुसरी यायचीय.”

“तुम्ही रेल्वेत आहात का?”

“नाही हो, गाड्यांचा वेडा आहे नुसता.”

हसले. “मग सांगा, कोयना वेळेवर आहे का?”

एवढं विचारलं की आपलं काम झालं. काका थांबले आणि मागचे दोघेही थांबले. माहिती देणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात, दटावणाऱ्याशी वाद घालतात. ‘अहो ताई’, ‘दादा’, ‘मामा’ म्हणा. ‘ओ, कळत नाही का’ म्हणालात की संपलं. आणि कुणाचा हात धरून, गाडीची चावी काढून घेऊन अडवायचं तर मुळीच नाही.

बोलण्यासारख्या मुद्द्यांत सगळ्यात वरचा हाच, दुसऱ्या गाडीचा. आमच्या मार्गाचं दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने झालं. त्याआधी पिढ्यान्पिढ्या लोकांची सवय अशी होती की गाडी गेली की रस्ता मोकळा. एकेरी लाईनला ते खरंही होतं. आता एक गाडी जाताना तिच्या आडून दुसऱ्या लाईनीवरची येते. पहिलीचा आवाज दुसरीचा आवाज गिळतो, आणि सवय मात्र जुनीच. तुमच्याकडे दुसरी-तिसरी लाईन नुकतीच पडली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं याच मुद्द्यावर जोर द्या.

दुसरा मुद्दा आवाजाचा, आणि हा सांगायला रेलफॅनच हवा. पुणे शेडचं डिझेलवरचं अल्को इंजिन दोन मैलांवरून ऐकू यायचं. खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्या आवाजावर आजीसुद्धा सांगायची, महालक्ष्मी आली. आता पुढे विजेचं इंजिन, मागे नव्या पद्धतीचे एलएचबी डबे आणि खाली जोड नसलेले लांब रूळ. ती खडाक-खडाकही गेली. गाडी येते ती वाऱ्यासारखी, आणि कान अजून अल्कोची वाट बघत असतात. म्हाताऱ्या माणसांना हे सांगितलं की लगेच पटतं. त्यांच्या आठवणीतला आवाज खरोखर हरवलेला असतो.

तिसरा, थांबायला लागणाऱ्या अंतराचा. पूर्ण वेगातल्या गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. पायलटला माणूस दिसतो तेव्हा त्याच्या हातात हॉर्न आणि ब्रेक एवढंच असतं, स्टिअरिंग नसतं. शिवाय मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा हळू येतेय असा डोळ्यांना भास होतो. समोरून बघणाऱ्याला तर ती जागेवरच मोठी होत गेल्यासारखी वाटते.

फाटक इतका वेळ बंद का, हा प्रश्न येणारच. उत्तर असं की गाडी न थांबता जायची तर सिग्नल तिला लांबूनच हिरवा दिसायला हवा, आणि तो हिरवा व्हायला फाटक आधी बंद पाहिजे. गाडी जाईपर्यंत ते उघडता येत नाही. उलटी बाजूही सांगा. फाटकात गाड्या अडकून दांडा पडलाच नाही तर गाडी सिग्नलला उभी. दिवा स्टेशनजवळच्या फाटकामुळे मुंबईच्या लोकल किती वर्षं रखडत होत्या, हे तिकडच्या चाकरमान्यांना विचारा.

कायद्याचं बोलणं शेवटी, तेही कुणी विचारलं तरच. बंद फाटक उघडलं तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत आणि मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याची धमकी देऊ नका, आपण पोलीस नाही.

आणि एक गोष्ट कधीही, अगदी कधीही बोलायची नाही: ‘जा, अजून वेळ आहे.’ माझ्याकडून हे एकदा घडलंय. नव्या उत्साहात होतो, ॲप बघितलं आणि एका दूधवाल्या दादांना सांगितलं, पुढची गाडी अर्ध्या तासाने, आरामात जा. ते गेले, आणि पाच मिनिटांत त्याच लाईनीवरून एकटं इंजिन धडधडत निघून गेलं. लाइट इंजिन (डबे नसलेलं एकटं इंजिन), मालगाडी, तारांची दुरुस्ती करणारी टॉवर वॅगन, रुळांच्या तपासणीची ट्रॉली, यांतलं काहीच वेळापत्रकात नसतं. दादांना काही झालं नाही. मला मात्र त्या दुपारी घरी जाऊन जेवण गेलं नाही. वेळ आहे की नाही हे सांगण्याचा अधिकार सिग्नलचा आणि गेटमनचा, ॲपचा किंवा आपला नाही.

पाचवी पायरी: शाळा, कारखाना, मंडळ

फाटकावर जम बसला की बाहेर पडा. कार्यक्रम रेल्वेच्या हद्दीत किंवा फाटकावर फलक-पत्रकं घेऊन करायचा असेल तर विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी लागते. इथे एक बारकावा. रेल्वेच्या भाषेत ‘सुरक्षा’ म्हणजे आरपीएफचं (रेल्वे सुरक्षा दलाचं) खातं, चोरी-मारामारी वगैरे. अपघात टाळण्याच्या खात्याला ‘संरक्षा’ म्हणतात. अर्ज संरक्षा शाखेच्या नावे करा, नाहीतर तो भलत्याच टेबलावर आठवडे काढतो. मध्य रेल्वेचे महाराष्ट्रातले विभाग मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर; नांदेडकडे दक्षिण मध्य, कोकणात कोकण रेल्वे. आपलं स्टेशन कुणाच्या अखत्यारीत येतं ते मास्तरच सांगतील. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय समपार जनजागृती दिवस असतो, २००९ पासून. त्या सुमाराला रेल्वेचे स्वतःचे कार्यक्रम असतात, पथनाट्यं असतात. महिनाभर आधी अर्ज दिला तर त्यांच्यात सामील करून घेतात. शाळेत जायला मात्र फक्त मुख्याध्यापकांची संमती पुरे.

शाळेत अपघाताचे फोटो दाखवू नका. मुलं घाबरतात आणि आठवड्यात विसरतात. त्याऐवजी मैदानावर ३० मीटरची दोरी अंथरा. एका टोकाला एक मुलगा, दुसऱ्या टोकाला एक मुलगी. सगळ्यांना मोठ्याने ‘एक’ म्हणायला लावा. तेवढ्या वेळात गाडी या टोकाहून त्या टोकाला गेली. मग त्यातल्या सगळ्यात जोरात पळणाऱ्याला दोरीच्या कडेने पळवा आणि बाकीच्यांना आकडे मोजू द्या. पाच, सहा, सात… हशा पिकतो, आणि नेमकं काय ते कळतं. मग मुलांना घर ते शाळा वाटेचा नकाशा काढायला सांगा. रूळ कुठे आडवे येतात ते त्यांच्याच हाताने निघतं. पुष्कळदा त्या नकाशात फाटक नसतंच, झाडाझुडपातली एक पायवाट असते. ती आपल्याला माहीत नव्हती, रेल्वेलाही नसेल.

ड्रायव्हर मंडळींसाठी उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्यावर जा. उशिरा गेलात तर कुणाला वेळ नसतो. वर दिलेला ट्रॉलीचा हिशेब सांगा, आणि त्याच्या जोडीला उंचीचा. विद्युत मार्गावरच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोखंडी कमान असते, तिची उंची ४.६७ मीटर. कमानीला लागेल असा माल फाटकातून न्यायचा नाही. उसाच्या, कडब्याच्या ढिगावर माणूस बसला असेल तर त्याला कमानीच्या अलीकडेच खाली उतरवायचं. कमानीत माल बसला तरी वर बसलेला माणूस बसेलच असं नाही. गणेश मंडळांनाही हेच सांगायचं असतं. मूर्तीची उंची ठरवताना विसर्जनाच्या वाटेवर विजेच्या तारेचं फाटक आहे का, हे आधी बघा म्हणावं. मूर्ती तयार झाल्यावर सांगून उपयोग नाही, त्यामुळे हे काम पावसाळ्याच्या तोंडाला.

वारीचं वेगळं. माउलींच्या पालखीच्या वाटेवरची जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही गावं आमच्या लाईनवरची स्टेशनंही आहेत. वारकरी रात्री थकून रुळाच्या कडेला, मोकळ्या हवेत पथारी टाकतात, सकाळी विधीला रूळ ओलांडतात. दिंडीच्या चालकांना आधी भेटा, मुक्कामाच्या जागी गाड्या कुठून कशा येतात ते दाखवा. विणेकऱ्याने एकदा सांगितलं की दिंडी ऐकते. आपलं पत्रक कुणी वाचत नाही.

सगळ्यांना सांगायची एक आणीबाणीची गोष्ट. वाहन रुळात बंद पडलं तर ते काढायच्या खटपटीत राहायचं नाही. आधी सगळी माणसं खाली उतरवून रुळांपासून लांब. गेटमनला हाक. गेटमन नसेल तर १३९ किंवा ११२ ला फाटकाचा क्रमांक सांगून फोन. गाडी येताना दिसली तर तिच्याच दिशेने, पण रुळांपासून तिरकं लांब होत पळायचं. गाडी ज्या बाजूला जाणार त्या बाजूला पळालात तर उडालेले तुकडे तुमच्या अंगावर येतात. हे ऐकून पहिल्यांदा सगळे गोंधळतात. जमिनीवर काडीने काढून दाखवा.

सहावी पायरी: वही

आपल्या लोकांना आकड्यांचा नाद असतो, तो इथे कामी येतो. फाटकाचा भार ‘टीव्हीयू’त (ट्रेन व्हेइकल युनिट) मोजतात. दिवसाच्या गाड्या गुणिले दिवसाची रस्त्यावरची वाहनं. रिक्षा अर्धी धरतात, बैलगाडी एक. ६० गाड्या आणि १५०० वाहनं असतील तर ९०,०००. उड्डाणपूल किंवा भुयारी मार्गासाठी एक लाख ही रेल्वेची जुनी मोजपट्टी आहे. मित्रांत पाळ्या लावून आठवडाभर मोजा. त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात किती जण दांड्याखालून गेले, किती वाजता, कुठल्या बाजूने. शाळा सुटायची वेळ, कारखान्याची पाळी, बाजाराचा दिवस आपोआप उमटतात.

सगळी फाटकं जावीत असं डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ च्या अहवालात सुचवलं होतं, पाच वर्षांत. रूळ ओलांडताना तेव्हा दरवर्षी सुमारे १५,००० माणसं मरत होती आणि त्यातली सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गावर, हेही त्याच अहवालात. ब्रॉडगेजवरची बिनामाणसाची फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपली. नागपूरजवळ कन्हानला फेब्रुवारी २००५ मध्ये लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरला गाडीने उडवलं होतं आणि ५० हून जास्त माणसं गेली होती. ते फाटक असंच, बिनामाणसाचं. त्या जातीची फाटकं गेली, हे मोठंच काम झालं.

पण फाटक गेलं म्हणजे वाट जात नाही. जागोजाग खाली भुयारी मार्ग झाले. लोक त्याला मोरी म्हणतात, आणि पावसाळ्यात ती मोरीच होते. गुडघाभर पाणी साचलं की शाळेची पोरं, दुधाचे कॅन, म्हशी, सगळे पुन्हा वरून, जुन्या जागेवरून. आता तिथे दांडा नाही, गेटमन नाही, कदाचित शिट्टीची पाटीही हललेली. माझ्या मते नव्या मंडळींनी सगळ्यात आधी अशी जागा हेरावी. जनजागृती तिथे कामाची नाही. पाण्यातून जा असं कुणाला सांगणार? पंप आणि गटार हेच उत्तर.

पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. पाणी किती ते भिंतीवर खडूने खूण करून मोजा. किती माणसं वरून गेली ते वहीतून उतरवा. अर्ज एक पानी, वर समपाराचा जुना क्रमांक आणि किलोमीटर, खाली ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला. एक प्रत रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला, एक तहसीलदारांना, एक सार्वजनिक बांधकामला. रस्ता नेमका कुणाचा यावरून टोलवाटोलवी होतेच, म्हणून तिघांनाही एकाच दिवशी द्या. आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.